सीओटू गॅसवर स्प्रे ट्रान्सफर मिळतो का? (१० मिमी प्लेट, १.२ वायर, अंबड)

अंबडकर | सोमवार, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे. मशीन बेस, ब्रॅकेट, कन्व्हेयरचे सांगाडे अशी कामं. मिग मशीन (गॅसच्या आवरणाखाली वायर वितळवून जोडणारं) ४०० अँपिअरचं, गॅस सीओटू (कार्बन डायऑक्साइड), वायर १.२ मिमी, साधी स्टीलची ईआर ७० एस-६. पातळ कामाला काही तक्रार नाही. पण १० मिमीच्या प्लेटला फिलेट (कोपऱ्यातला जोड) मारताना करंट वाढवला की स्पॅटर (वितळलेले दाणे) असा उडतो की वेल्डिंगपेक्षा छिन्नी-ग्राइंडरवरच माणूस जास्त अडकतो. करंट उतरवला की बीड (वेल्डची पट्टी) देखणं येतं, दाणे कमी, पोरं खूश.

आता एका पार्टीने डब्ल्यूपीएस (वेल्ड कसं मारणार याचा लेखी कागद) मागितलाय. त्यात एक रकाना आहे, ‘मोड ऑफ ट्रान्सफर’, म्हणजे वायरचा वितळलेला धातू जोडात कसा उतरतो. गॅसवाला म्हणतो मिक्स (आर्गॉन आणि सीओटूचं मिश्रण) घ्या, स्प्रे (बारीक थेंबांची धार) मिळेल, स्पॅटर विसरून जाल. माझा वेल्डर म्हणतो की सीओटूवरच व्होल्टेज चढवलं की स्प्रे होतो, आधीच्या ठिकाणी त्याने स्वतः मारलाय. कोणाचं खरं मानू? आणि रकान्यात काय भरू?

ठिणगी | सोमवार, रात्री ९.४०

गॅसवाल्याचं खरं. तुमचा वेल्डर खोटं बोलत नाहीये, पण त्याने जे पाहिलं ते स्प्रे नव्हतं. सविस्तर सांगणारे येतीलच, मी चहा घेऊन बसतो.

जुना_निदेशक | सोमवार, रात्री ११.०५

अंबडकर, पल्स मशीन सोडलं तर मोड हे पॅनेलवरचं बटण नाही. वायरची जाडी, गॅस, करंट आणि व्होल्टेज मिळून तो ठरतो. म्हणून आधी वायरच्या टोकाशी काय चाललंय ते बघू.

वायर वितळते आणि टोकाला थेंब लोंबतो. त्याला वायरला धरून ठेवतो पृष्ठताण. गुरुत्वाकर्षण खाली ओढतं, पण एवढ्याशा थेंबाचं वजन ते काय असणार! खरा जोर असतो पिंच इफेक्टचा. वायरमधून करंट वाहतो तेव्हा त्याचंच चुंबकीय क्षेत्र वायरला चहूबाजूंनी आवळतं. घट्ट वायरला त्याचं काही वाटत नाही, वितळलेली मान मात्र बारीक होत होत तुटते. हा आवळ करंटच्या वर्गाने वाढतो. करंट दुप्पट केला तर आवळ चौपट. या एका गोष्टीत अर्धा विषय आला.

व्होल्टेज कमी, आर्क आखूड ठेवला तर थेंब सुटायच्या आधीच वायर खालच्या रसात टेकते. आर्क विझतो, शॉर्ट झाल्यामुळे करंट झपकन चढतो, मान तुटते, आर्क पुन्हा पेटतो. हे सेकंदाला २० ते २०० वेळा होतं. हा शॉर्ट सर्किट मोड, जुन्या ब्रिटिश पुस्तकांतला ‘डिप’. धातू उतरतो तो फक्त टेकल्यावर. उष्णता कमी, रस लगेच गोठतो, म्हणून पातळ पत्र्याला, उभ्या आणि डोक्यावरच्या जोडाला हा मोड सोयीचा. १.२ वायरला साधारण १८ ते २१ व्होल्ट. कान देऊन ऐका, मोहरी तडतडावी तसा एकसारखा आवाज येतो. करंट किती झपाट्याने चढू द्यायचा हे इंडक्टन्स या सेटिंगवर असतं. फार कमी ठेवलात तर मान फुटते आणि दाणे उडतात, फार जास्त ठेवलात तर सुरुवातीला वायर प्लेटला ढोसते.

आता करंट-व्होल्टेज वाढवा. वायर टेकणं कमी होतं, पण पिंचही अजून पुरेसा नाही. थेंब वायरपेक्षा जाड होतो, टोकाशी वेडावाकडा डुलतो आणि शेवटी वजनाने गळून पडतो. पडताना खालचा रस उडवतो. हा ग्लोब्युलर. तुमच्या १० मिमीवरचा स्पॅटर म्हणजे हाच.

स्प्रेला दोन अटी आहेत: गॅसमध्ये किमान ८० टक्क्यांच्या आसपास आर्गॉन, आणि करंट एका उंबरठ्याच्या वर. तिथे पिंच पृष्ठताणाला मात देतो. थेंब वायरपेक्षा बारीक होतात, सेकंदाला शेकडो सुटतात आणि सरळ रेषेत खाली जातात. आवाज नुसता ‘सूंऽऽ’. ९८ टक्के आर्गॉन आणि २ टक्के ऑक्सिजनमध्ये साध्या स्टील वायरचा उंबरठा ०.९ मिमीला १६५, १.२ ला २२० आणि १.६ ला २७५ अँपिअरच्या आसपास. ऑक्सिजन थोडासाच असतो, पण पृष्ठताण उतरवतो. ८०-२० (८० टक्के आर्गॉन, २० टक्के सीओटू) मिश्रणात उंबरठा आणखी वर सरकतो, तिथे १.२ वायरला २६०-२८० अँपिअर आणि २८ व्होल्टच्या पुढे जायची तयारी ठेवा.

अंबडकर | मंगळवार, सकाळी ७.५०

सर, एवढं सविस्तर टंकलंत, मनापासून आभार. पण एक अडतंय. पिंच करंटनेच वाढतो ना? मग सीओटूवर ३५० अँपिअर दिले तरी स्प्रे का नाही? आवळ तर तिथेही चौपट होणारच.

वायरफीडर | मंगळवार, सकाळी ८.३०

निदेशक सर उत्तर देतीलच, तोवर मी थोडं लिहितो.

करंट किती, याइतकंच करंट थेंबातून बाहेर कुठून पडतो यालाही महत्त्व आहे. आर्गॉनमध्ये आर्क वायरच्या टोकावर वर चढतो, टोकाला सगळीकडून कवेत घेतो. टोक पेन्सिलसारखं निमुळतं होतं, करंट बाजूंनी पसरत बाहेर पडतो आणि जोर खालच्या दिशेने लागतो.

सीओटूचे रेणू आर्कच्या उष्णतेत फुटतात. फुटायला भरपूर ऊर्जा खातात, शिवाय तो गॅस उष्णता झटकन वाहून नेतो. त्यामुळे आर्क आकसतो आणि थेंबाच्या बुडाशी एका लहान ठिपक्यावर गोळा होतो. सगळा करंट त्या ठिपक्यातून गेला की जोर उलटा लागतो, थेंब खालून वर ढकलला जातो. वाफेचा झोतही खालूनच. म्हणून सीओटूत थेंब वर उचललेला, एका अंगाला कललेला दिसतो आणि सुटतो तो भलतीकडेच. करंट वाढवला तर वर ढकलणारा जोरही वाढतो. हाय-स्पीड व्हिडिओ मिळाला तर नक्की बघा, भांडणच असतं ते.

म्हणून शुद्ध सीओटूवर कामाच्या करंटमध्ये खरा स्प्रे मिळत नाही. ७५-२५ घेऊनही हाती काही लागत नाही, शॉर्ट सर्किट छान चालतो, बस.

सातपूर_शिफ्ट | मंगळवार, दुपारी १.२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. त्या वेल्डरची बाजू घेतो, कारण मीपण ते काम केलंय. १.२ वायर, ३५० अँपिअरच्या आसपास, सपाट पोझिशन, जाड प्लेट. आर्क एकदम आखूड. तडतड जाते, घुमल्यासारखा आवाज येतो, स्पॅटर खरंच कमी होतो, पेनिट्रेशन (प्लेटमध्ये खोल शिरणं) तर विचारू नका. पुस्तकात नाही म्हणून ते खोटं होत नाही राव.

वायरफीडर | मंगळवार, दुपारी १.४५

दादा, पुस्तकात आहे! त्याला बरीड आर्क म्हणतात. करंट इतका असतो की आर्कचा जोर रस बाजूला सारून खड्डा करतो, आणि व्होल्टेज मुद्दाम कमी ठेवल्याने वायरचं टोक प्लेटच्या पातळीच्या खाली, त्या खड्ड्यात राहतं. थेंब ग्लोब्युलरच सुटतात, पण उडालेले दाणे खड्ड्याच्या भिंतींना चिकटून परत रसात जातात. म्हणून स्पॅटर कमी दिसतो. पद्धत चांगलीच आहे, फक्त सपाट जोड हवा, आणि बीड अरुंद-उंच येतं.

म्हणजे अंबडकरांचा वेल्डर म्हणतो ‘व्होल्टेज चढवलं’, ते नेमकं उलटं आहे. सीओटूवर नुसतं व्होल्टेज चढवलं तर आर्क लांबतो आणि थेंब आणखी मोठे होतात.

सातपूर_शिफ्ट | मंगळवार, दुपारी १.५०

नाव माहीत नव्हतं, काम माहीत होतं. मान्य. भोंगा वाजला, निघतो.

क्वालिटीवाली | मंगळवार, रात्री ८.१०

इतका वेळ सगळे स्पॅटरबद्दलच बोलताहेत. मला अंबडकरांच्या पहिल्या प्रतिसादातलं दुसरंच वाक्य खटकलं: ‘करंट उतरवला की बीड देखणं येतं, पोरं खूश.’ दादा, १० मिमीवर स्पॅटर असलेलं ग्लोब्युलर बीड मी एकवेळ पास करेन. ते देखणं बीड कापून बघितल्याशिवाय नाही.

शॉर्ट सर्किटमध्ये आर्क सारखा विझत असतो. १० मिमीची थंड प्लेट उष्णता ओढून घेते. वरचा रस पसरतो, कडांना नीट बसल्यासारखा वाटतो, पण मुळाशी प्लेटची कड वितळतच नाही. हा कोल्ड लॅप. डोळ्याला दिसत नाही, डाय पेनिट्रंटला (पृष्ठभागावरच्या भेगा दाखवणाऱ्या रंगाला) सापडत नाही, आणि रेडिओग्राफीतही सहज निसटतो, कारण मध्ये पोकळी नसते, नुसती न जुळलेली फट असते.

म्हणूनच कोडवाले या मोडवर डोळा ठेवून असतात. एडब्ल्यूएस डी १.१ (स्टीलच्या बांधकामाचा अमेरिकन वेल्डिंग कोड) मध्ये मिग प्रीक्वालिफाइड आहे, म्हणजे आधी चाचणी न करता चालतं, पण शॉर्ट सर्किट त्यातून वगळलाय. तो वापरायचा तर आधी टेस्ट प्लेट मारून पीक्यूआर (चाचणीच्या निकालाची नोंद) करा. एएसएमई सेक्शन ९ (बॉयलर आणि प्रेशर व्हेसलचा कोड) मध्ये स्प्रे, ग्लोब्युलर किंवा पल्सवरून शॉर्ट सर्किटवर जाणं, किंवा उलट, हा इसेन्शियल व्हेरिएबल आहे. म्हणजे कागद नव्याने. आणि शॉर्ट सर्किटवाल्या वेल्डरची पात्रता तिथे एक्स-रेवर चालत नाही. तेव्हा तो रकाना शोभेचा नाही. पोरं खरोखर ज्या सेटिंगला मारतात तेच त्यात यायला हवं.

घरच्या घरी तपासायचं असेल तर १० मिमीचे दोन तुकडे टी-जोडात उभे करा, एकाच बाजूने फिलेट मारा, पूर्ण थंड होऊ द्या. मग वेल्ड नसलेल्या बाजूने हाणून उभी प्लेट वेल्डच्या बाजूकडे आडवी पाडा, म्हणजे मूळ उघडं पडतं. तुटलेला भाग उजेडात धरा. फ्यूजन झालं असेल तर मुळापर्यंत करडा, खरखरीत दाणा दिसतो. झालं नसेल तर कोपऱ्यात प्लेटची मूळ कड जशीच्या तशी, सरळ रेषेत, गिरणीतून आली तेव्हाच्या काळपट सालीसह. कटरची खूणही शाबूत असते कधीकधी. ती रेष एकदा वेल्डरला दाखवा, नंतर भाषण द्यावं लागत नाही.

ठिणगी | मंगळवार, रात्री ८.२५

ताई, +१. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

निफाडकर | मंगळवार, रात्री ९.३०

आमचं ट्रॅक्टर ट्रॉली आणि द्राक्षबागेच्या फवारणी ब्लोअरच्या सांगाड्यांचं काम आहे. सीझनमध्ये गिऱ्हाईक दारात उभं असतं. ट्रॉलीचा चासी पलटी करायला क्रेन नाही, त्यामुळे निम्मे जोड उभेच मारावे लागतात. एका बाहेरच्या शॉपमधून आलेल्या ट्रॉलीचं ड्रॉबारचं ब्रॅकेट बीडसकट उखडून आलं होतं, खाली प्लेट स्वच्छ. ताईंनी सांगितली तीच रेष. उभ्याला स्प्रे चालेल का? नाहीतर आम्ही शॉर्टवरच अडकलो.

जुना_निदेशक | मंगळवार, रात्री १०.१५

निफाडकर, उभ्याला स्प्रे नाही. रस मोठा आणि पातळ असतो, अंगावर येईल. स्प्रे सपाट जोडाला आणि आडव्या फिलेटला.

तुमच्यासारख्यांना मी फ्लक्स कोअर्ड वायर (पोटात फ्लक्सची पूड असलेली) सुचवीन, ई ७१ टी-१ जातीची, १.२ मिमी, गॅस तुमचा सीओटूच. मशीन तेच, फक्त रोलर खाचेदार घ्या, पोकळ वायर साध्या रोलरखाली चेपते. रुटाइल स्लॅग लवकर गोठतो आणि रसाला खालून आधार देतो, त्यामुळे २०० अँपिअरच्या आसपास उभा वर चढत मारता येतो. स्लॅग काढावा लागेल, वायर महाग पडेल, धूर जास्त. पण ड्रॉबार जागेवर राहील. मात्र ही प्रक्रियाच वेगळी, मिगच्या मोडमध्ये मोजू नका.

आणि शॉर्टवर उभं मारायचंच असेल तर जाड प्लेटला निदान वरून खाली मारू नका. रस आर्कच्या पुढे धावतो, आणि आर्क प्लेटवर न पडता रसावर पडतो.

पल्सप्रेमी | बुधवार, सकाळी १०.४०

उभ्याला एक तिसरा मार्गही आहे, पल्स. दोन करंटांमध्ये मशीन उड्या मारतं. खालचा बॅकग्राउंड नुसता आर्क जिवंत ठेवतो, वरचा पीक स्प्रेच्या उंबरठ्यावर जातो आणि एक थेंब तोडतो. सरासरी करंट उंबरठ्याखालीच राहतो. म्हणजे स्प्रेसारखा टेकण्याशिवायचा थेंब, पण रस आटोक्यात. उभा जोड, पातळ स्टेनलेस, अॅल्युमिनियम, सगळीकडे चालतो.

हिशोबाची हौस असेल त्यांच्यासाठी: १.२ वायर मिनिटाला ५ मीटर सुटते, म्हणजे सेकंदाला साधारण ९४ घन मिमी धातू. वायरच्याच व्यासाच्या थेंबाचं घनफळ ०.९ घन मिमी. भागाकार करा, सेकंदाला १०४ थेंब. एका पल्सला एक थेंब हवा तर मशीनने १०४ हर्ट्झच्या आसपास राहायला हवं. वायरचा वेग बदलला की हा आकडाही बदलला पाहिजे, आणि हाताने ते जुळवत बसणं अशक्य. सिनर्जिक मशीनमध्ये ही गणितं आधीच भरलेली असतात. म्हणून वायर आणि गॅस कोणता हे मशीनला खरं सांगा. ८०-२० चा प्रोग्रॅम लावून सीओटूचा बाटला जोडलात तर पल्स नावापुरता.

अॅल्युमिनियमचा उंबरठा मुळात खाली आहे, १.२ वायर आणि शुद्ध आर्गॉनला १३५ अँपिअरच्या आसपास. त्यामुळे तिथे स्प्रे सहज मिळतो. इतिहासही गंमतशीर आहे: १९४८ मध्ये अमेरिकेतल्या बॅटेल संस्थेत मिगची प्रक्रिया विकसित झाली ती अॅल्युमिनियमसाठी, आर्गॉनवर. स्टीलसाठी स्वस्त म्हणून सीओटू नंतर, १९५० च्या दशकात आला.

हिशोबी_माणूस | बुधवार, दुपारी ३.००

पैशाचं कोणीच बोललं नाही, म्हणून मी. भाव रोज बदलतात, नग देतो.

१५ लिटर प्रति मिनिट म्हणजे आर्क तासाला ९०० लिटर. मिक्सचा ७ घनमीटरचा बाटला साडेसात-पावणेआठ आर्क-तासांत संपतो. सीओटूचा ३० किलोचा बाटला गॅस रूपात साधारण १६ घनमीटर, म्हणजे १८ तासांच्या आसपास. बाटल्याला बाटला लावून तुलना केलीत तर मिक्स कधीच परवडणार नाही, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात.

आता दुसरी बाजू. १.२ वायरचा एक मीटर ८.९ ग्रॅम. शॉर्टवर मिनिटाला ४ मीटर जात असेल तर तासाला २.१ किलो. स्प्रेवर ९ मीटर जात असेल तर ४.८ किलो. तेवढाच धातू निम्म्याहून कमी वेळात पडतो, म्हणजे प्रति किलो गॅसही निम्म्याहून कमी. वर ग्राइंडरची डिस्क, अँटी-स्पॅटर आणि ग्राइंडिंगवाल्याची मजुरी वाचते. मात्र हे गणित १० मिमीच्या सपाट जोडांचं. ३ मिमीच्या पत्र्याला मिक्स लावून शॉर्टवरच मारणार असाल तर गॅसवाल्याशिवाय कोणाचा फायदा नाही. अंबडकर, जाड सपाट काम किती टक्के ते बघा.

सातपूर_शिफ्ट | बुधवार, रात्री ९.२०

सेटिंगचं थोडं माझ्याकडून. स्प्रेला टिप (जिथून वायर बाहेर येते ते तांब्याचं टोक) नोझलच्या आत ३ मिमी दाबून ठेवा आणि वायर १५ ते २० मिमी बाहेर. शॉर्टला टिप नोझलच्या बरोबरीने, वायर १० मिमीच्या आसपास. वायर जास्त लोंबली की ती रस्त्यातच तापते आणि करंट उतरतो, नॉब न हलवता. २७० वर लावलेलं मशीन हात लांब गेल्यावर २४० वर येतं आणि स्प्रे मोडून ग्लोब्युलर होतो. मग वेल्डर म्हणतो गॅस खराब.

मीटरवर विश्वास ठेवायचा तर केबल बघा. लांब केबल, सैल अर्थ क्लॅम्प, यात एक-दोन व्होल्ट सहज जातात. फीडर आणि जॉबच्या मध्ये मोजा.

३०० अँपिअरला साधी गन दिवसभर टिकत नाही हेही लक्षात घ्या. सीओटूवर ४०० अँपिअरची म्हणून विकलेली गन आर्गॉन मिश्रणात खूप कमी झेपते, सीओटू गनला थंड ठेवायलाही मदत करतो. आणि मास्कच्या काचेचा नंबर वाढवा, स्प्रेचा उजेड वेगळाच असतो.

सिन्नरचा_वारा | बुधवार, रात्री १०.००

वाऱ्याचं विसरू नका. आमच्या माळावर दुपारनंतर शेडचं शटर उघडं ठेवलं की गॅस उडून जातो आणि बीडला छिद्रं. डी १.१ मध्ये गॅसवाल्या वेल्डिंगला ताशी ८ किलोमीटरची मर्यादा आहे, ती साध्या पेडस्टल फॅननेही ओलांडते. उन्हाळ्यात पोरं कूलर वेल्डिंगकडे वळवतात, मग मोड कुठलाही असो, उपयोग शून्य.

अंबडकर | शनिवार, संध्याकाळी ६.३०

मंडळी, ताईंनी सांगितलेली टेस्ट केली. दोन तुकडे, एक पोरांच्या आवडत्या सेटिंगवर (१६० अँपिअर, १९ व्होल्ट), दुसरा सीओटूवरच २७० ला. पहिला घणाच्या थोड्या घावात उघडला, कोपऱ्यात कड जशीच्या तशी, गॅस कटिंगच्या रेषांसकट. दुसरा पाडायला घाम निघाला. मुळाशी पूर्ण करडा. वर स्पॅटरचे दाणे होतेच, पण आत लोखंड लोखंडात गेलेलं.

वेल्डरने पहिला तुकडा उलटा-पालटा करून बघितला, काही बोलला नाही, आणि जाऊन वायर स्पीड वाढवला.

ठरवलंय ते असं: बेसप्लेटचे सपाट जोड ८०-२० वर स्प्रे, रकान्यातही तेच. ते जवळपास सगळंच काम आमच्याकडे पलटी करून सपाट घेता येतं. पातळ ब्रॅकेट सीओटूवर शॉर्ट, त्याचा डब्ल्यूपीएस वेगळा, पार्टीला लागला तर टेस्ट प्लेट मारू. एक मिक्सचा बाटला मागवलाय. आहे तोच सीओटूचा रेग्युलेटर लावला तर चालेल ना?

जुना_निदेशक | शनिवार, रात्री ८.००

अजिबात नाही. मिक्सच्या बाटल्यात १५० बारच्या आसपास दाब असतो, सीओटूच्या दुप्पट-अडीचपट. जोडणी वेगळी असते ती उगाच नाही, अॅडॉप्टर लावून जुगाड करू नका. शिवाय सीओटूच्या फ्लोमीटरच्या खुणा सीओटूच्या घनतेच्या, हलक्या मिश्रणात आकडा चुकीचा दाखवेल. आर्गॉनचा वेगळा रेग्युलेटर घ्या, १५ ते १८ लिटर ठेवा. हीटरची गरज नाही, तो सीओटूला लागतो कारण तिथे द्रवाचा गॅस होताना रेग्युलेटर गोठतो.

पहिलं बीड भंगार प्लेटवर मारा. वायर स्पीड आधी, मग व्होल्टेज २७ पासून अर्ध्या-अर्ध्याने वर. तडतड तुटक होत जाईल, मग थांबेल. थांबली की आणखी अर्धा व्होल्ट, तिथे नॉबवर खूण करा.

अंबडकर | शनिवार, रात्री ८.१०

रेग्युलेटर सोमवारी आणतो. गनचं काय, सातपूर_शिफ्ट दादा, ५०० वाली घेऊ का?

सातपूर_शिफ्ट | शनिवार, रात्री ९.४५

घ्या. आणि विकणाऱ्याला आकडा मिक्स गॅसवरचा विचारा, सीओटूवरचा नाही. ड्यूटी सायकलसकट (दहा मिनिटांपैकी किती मिनिटं चालवता येते).